गुडघेदुखी आणि सूज यासाठी एन्झाइमच्या गोळ्या: मात्रा, वेळ आणि कोणी घेऊ नयेत?

निळीशाई

गुडघ्याची झीज आहे (एक्स-रेमध्ये मध्यम), वय ६२. चालणं-फिरणं चालू आहे, जिना उतरताना दुखतं, संध्याकाळी थोडी सूज येते. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडतं, म्हणून 'नैसर्गिक एन्झाइम' वर्गातलं काही घेऊन बघावं असा विचार आहे. तीन प्रकारची लेबलं समोर आहेत आणि तिन्हींत वेगळीच भाषा आहे:

१) ब्रोमेलेन ५०० मिग्रॅ, २४०० जीडीयू प्रति ग्रॅम
२) ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन, १ लाख आर्मर युनिट
३) सेरॅशिओपेप्टिडेज १० मिग्रॅ

यांची आपसात तुलना कशी करायची? जेवणाआधी की नंतर? किती दिवसांनी 'उपयोग नाही' म्हणून थांबायचं? आणखी एक, ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ रोज चालू आहे. एन्झाइम नैसर्गिक असल्यामुळे त्याला अडचण नसावी असं वाटतं. बरोबर आहे का?

---

खलबत्ता

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, बरोबर नाही. ही एन्झाइमं प्रथिनं तोडतात. रक्ताच्या गुठळीचं जाळं ज्या फायब्रिनचं बनतं तेही प्रथिनच. ब्रोमेलेन फायब्रिन विरघळवायला मदत करतं आणि प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) एकमेकांना चिकटणंही कमी करतं. ॲस्पिरिनही प्लेटलेटवरच काम करतं. दोन्ही एकत्र घेतली की रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, ॲपिक्साबॅन अशा रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी काही चालू असेल तर ही एन्झाइमं आपल्या मनाने घेऊच नयेत. तुमच्या बाबतीत, ॲस्पिरिन ज्यांनी सुरू केलं त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिली कॅप्सूलही नको. आणि एन्झाइम घ्यायचं म्हणून ॲस्पिरिन बंद करणं हा तर त्याहून मोठा धोका आहे, ते अजिबात करू नका.

आता लेबलं. एन्झाइमच्या बाबतीत मिलिग्रॅम हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. पुडीत किती वजनाची पूड आहे एवढंच तो सांगतो, ती पूड किती काम करते हे सांगत नाही. कामाचं माप म्हणजे युनिट, आणि प्रत्येक एन्झाइमचं युनिट वेगळ्या पद्धतीने मोजतात.

ब्रोमेलेनसाठी जीडीयू (जिलेटिन किती पचवतं) किंवा एमसीयू (दूध किती लवकर फाडतं) ही मापं असतात. १ जीडीयू म्हणजे साधारण १.५ एमसीयू. तुमच्या लेबलचा हिशेब असा: २४०० जीडीयू प्रति ग्रॅम, कॅप्सूल अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये १२०० जीडीयू, अर्थात सुमारे १८०० एमसीयू. आता समजा दुसऱ्या बाटलीवर '५०० मिग्रॅ, १२०० जीडीयू प्रति ग्रॅम' लिहिलंय. वजन तेवढंच, काम निम्मं. आणि '१८०० एमसीयू' लिहिलेली कॅप्सूल '१२०० जीडीयू'वालीपेक्षा मोठी वाटते, प्रत्यक्षात दोन्ही सारख्याच. ज्या लेबलवर युनिटच नाहीत, फक्त मिलिग्रॅम आहेत, ती बाटली परत फळीवर ठेवा.

सेरॅशिओपेप्टिडेजच्या १० मिग्रॅ गोळीत सहसा २०,००० युनिट असतात. ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन आर्मर युनिटमध्ये मोजतात. म्हणून '१ लाख' हा आकडा '१२००'पेक्षा भारी दिसतो, पण ही मापं एकमेकांत बदलता येत नाहीत. तिन्हींची आकड्यांवरून तुलना करायचीच नाही.

उगमही बघा. ब्रोमेलेन अननसाच्या देठातून (म्हणजे झाडाच्या खोडातून) काढतात, फळाच्या गरात ते त्यामानाने कमी असतं. डबाबंद अननसात तर उष्णतेने ते संपलेलंच असतं, त्यामुळे 'रोज अननस खाल्लं की झालं' हे या मात्रेच्या जवळपासही जात नाही. ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन जनावरांच्या स्वादुपिंडातून येतं, शाकाहारी लोकांनी हे लक्षात घ्यावं. सेरॅशिओपेप्टिडेज सेराशिया नावाच्या जिवाणूपासून बनवतात. तो जिवाणू मुळात रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडला होता. 'रेशीमकिड्याचं एन्झाइम' हे नाव त्यावरूनच पडलंय, किड्यापासून काही काढत नाहीत.

वेळ: अनशापोटी. जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं किंवा जेवणानंतर किमान २ तास, साध्या पाण्याचा पूर्ण ग्लास. पोटात अन्न असलं की एन्झाइम त्या अन्नातली प्रथिनं पचवण्यात खर्ची पडतं. मग ते पचनाचं औषध झालं, सुजेचं नाही. बहुतेकांना 'गुण आला नाही' त्यामागे हेच एक कारण पुष्कळदा असतं.

कोटिंग असलेली गोळी (सेरॅशिओपेप्टिडेज आणि ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन सहसा तशाच येतात) चावायची, तोडायची किंवा कुटायची नाही. सेरॅशिओपेप्टिडेज जठरातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून तर ते कवच दिलेलं असतं. भरल्या पोटी घेतली तर अशी गोळी अन्नाबरोबर जठरातच तासन्‌तास अडकून राहते, हा आणखी एक तोटा. आम्लपित्ताचं पातळ औषधही त्याच वेळी घेऊ नका. जठरातलं आम्ल कमी झालं की कवच आतड्याऐवजी तिथेच सुटू शकतं. दोन तासांचं अंतर ठेवा.

---

सांधेजोड

खलबत्ता यांनी औषधाची बाजू सांगितली, मी सांध्याची सांगते. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

एक म्हणजे ताजी सूज: घोटा मुरगळला, मार लागला, अक्कलदाढ काढली, नाकाची शस्त्रक्रिया झाली. दुसरी म्हणजे वर्षानुवर्षांची झीज. एन्झाइमं मुळात पहिल्या प्रकारासाठी पुढे आली. जर्मनीच्या 'कमिशन ई'ने (वनौषधी तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञ समितीने) ब्रोमेलेनला मान्यता दिली ती शस्त्रक्रियेनंतरच्या आणि दुखापतीच्या सुजेसाठी, विशेषतः नाक आणि सायनसच्या. मात्रा दिवसाला ८० ते ३२० मिग्रॅ, आणि तीही ८-१० दिवसांपुरती.

गुडघ्याच्या झिजेबाबत चित्र संमिश्र आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ४७ जणांना रोज ८०० मिग्रॅ ब्रोमेलेन किंवा निव्वळ खोटी गोळी १२ आठवडे दिली होती. फरक दिसला नाही. याउलट ब्रोमेलेन ९० मिग्रॅ, ट्रिप्सिन ४८ मिग्रॅ आणि रुटोसाइड (वनस्पतीतला एक घटक, एन्झाइम नाही) १०० मिग्रॅ अशा एकत्रित गोळ्यांवर बऱ्याच चाचण्या झाल्या. २ गोळ्या दिवसातून ३ वेळा, सहा आठवडे, तुलना डायक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाशी, अशी त्यांची साधारण मांडणी. त्यांत दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं. म्हणजे झिजेसाठी करून बघायचंच असेल, तर नुसत्या ब्रोमेलेनपेक्षा या मिश्रणामागे आधार जास्त आहे. तरी माझं स्पष्ट मत असं की झीज भरून काढण्याची ताकद यातल्या कशातच नाही. कमी झालं तर दुखणं आणि सूज कमी होईल, कूर्चा परत येणार नाही.

सेरॅशिओपेप्टिडेजबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत असायला हवी. जपानमध्ये ताकेदा कंपनीने ते दशकानुदशकं विकलं आणि २०११ मध्ये स्वतःहून बाजारातून काढून घेतलं, कारण खोट्या गोळीशी तुलना करून घेतलेल्या नव्या चाचण्यांत उपयोग सिद्ध झाला नाही. दात काढल्यानंतर तोंड उघडायला त्याने थोडी मदत होते असं काही अभ्यासांत दिसतं, पण गुडघ्यासाठी मी ते सुचवणार नाही. तिघांपैकी ते पहिलं बाद करा.

घोट्याबाबत जाता जाता: मुरगळल्यावर हाडावर बोट दाबून दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे. गोळी नंतर.

---

निळीशाई

दोघांचेही आभार. ॲस्पिरिनचं लक्षात आलं, आधी डॉक्टरांशीच बोलणं होईल. दोन शंका उरल्या.

पोटात गेलेलं एन्झाइम रक्तात पोचतं हेच मुळात पटत नाही. प्रथिन आहे ना? ते पचून जाणार. आणि पोचलं तर मग आपल्याच रक्तातली प्रथिनं ते कसं खात नाही?

दुसरं, बाटलीतली पूड जिवंत आहे की मेलेली हे घरी ओळखता येतं का?

---

खलबत्ता

पहिली शंका अगदी योग्य आहे. बहुतेक पचूनच जातं, पण थोडा अंश न तुटता आतड्यातून रक्तात शिरतो. ब्रोमेलेन माणसाच्या रक्तात, काम करण्याच्या स्थितीत, मोजलं गेलंय. प्रमाण अगदी कमी असतं, हेही तितकंच खरं.

रक्तात शिरल्यावर त्याची गाठ पडते अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिनशी. हे चार भागांचं भलंमोठं प्रथिन म्हणजे एक पिंजरा समजा. त्याच्या मधोमध आमिषासारखा एक तुकडा असतो. एन्झाइमने तो चावला की पिंजऱ्याचा आकार बदलतो आणि एन्झाइम आत कोंडलं जातं. ते मरत नाही, पण मोठी प्रथिनं आता त्याच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. जाळीतून आत जाऊ शकणारे छोटे रेणू मात्र ते अजूनही तोडू शकतं. थोड्या वेळाने यकृत अख्खा पिंजराच रक्तातून उचलतं. म्हणून तुमचं रक्त पचत नाही. शिवाय बंद झालेला पिंजरा दाह वाढवणारे काही संदेशवाहक रेणूही धरून नेतो, सूज कमी होण्याचा एक मार्ग तो मानतात. दुसरा मार्ग ब्रॅडिकायनिनचा. दुखणं जाणवून देणारा आणि रक्तवाहिन्या गळक्या करणारा हा रेणू ज्या प्रथिनापासून बनतो, ते ब्रोमेलेनमुळे कमी होतं.

दुसरी शंका. होय, ढोबळ परीक्षा घरी होते. युनिट मोजता येत नाहीत, पण मेलंय का एवढं कळतं.

बिनकोटिंगच्या कॅप्सूलसाठी: १०० मिली गरम पाण्यात ३ ग्रॅम (साधारण एक चमचा) साधं जिलेटिन विरघळवा, तीन छोट्या वाट्यांत ओता, फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. पहिल्या वाटीवर नुसतं चमचाभर पाणी. दुसरीवर एका कॅप्सूलची पूड चमचाभर गार पाण्यात कालवून. तिसरीवर तीच पूड, पण पाण्यात १० मिनिटं उकळून गार केलेली. तिन्ही वाट्या रात्रभर फ्रिजमध्येच ठेवा. सकाळी फक्त दुसरी वाटी वरून पातळ झाली असेल तर एन्झाइम जिवंत आहे. उकळल्याने एन्झाइम मरतं, त्यामुळे तिसरी घट्ट राहायला हवी. तिन्ही पातळ झाल्या तर दोष फ्रिजचा किंवा जिलेटिनच्या प्रमाणाचा, त्यावरून काही ठरवू नका.

चूक कुठे होते? जिलेटिनऐवजी अगर-अगर घेतलं तर काहीच होणार नाही. अगर म्हणजे समुद्री शेवाळातलं कर्बोदक, त्यात तोडायला प्रथिनच नाही. जिलेटिन नको असेल तर अर्धा कप कोमट दूध घ्या (सुमारे ४० अंश), पूड टाका, काही मिनिटांत दूध फाटायला हवं. पण पुडीत आंबट घटक मिसळलेला असेल तर त्यानेही दूध फाटतं. म्हणून उकळलेल्या पुडीचा कप इथेही हवाच. दोन्ही कप फाटले तर ते आंबटपणाचं काम, एन्झाइमचं नाही.

कॅप्सूल उघडताना पूड उडू देऊ नका, वाटीच्या तळाशी धरून हळू उघडा. पपेन (पपईतलं असंच एन्झाइम) आणि ब्रोमेलेनची पूड सतत नाकात गेल्याने कारखान्यांत काम करणाऱ्यांना दमा जडल्याची उदाहरणं आहेत.

कोटिंगच्या गोळीची परीक्षा वेगळी: एक गोळी व्हिनेगरमध्ये दोन तास ठेवा. तडा जाता कामा नये, कवच सुटता कामा नये. मग ती धुऊन खायच्या सोड्याच्या पाण्यात टाका, आता ती सुटायला लागली पाहिजे. व्हिनेगरमध्येच विरघळली तर ती जठरातच संपणार. परीक्षा झालेली गोळी अर्थातच टाकून द्यायची.

साठवण २५ अंशांखाली, कोरड्या जागी, बाटलीतली ओल शोषणारी पुडी न काढता. न्हाणीघरातलं कपाट ही सगळ्यात वाईट जागा, तिथली वाफ पुडीला गाठी आणते. गाठ झालेली पूड टाकून द्या.

---

ओवीचापान

एक महत्त्वाची गोष्ट राहिली: ॲलर्जी. अननस, पपई, किवी किंवा अंजीर खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते, ओठ सुजतात, किंवा रबरी हातमोज्यांच्या लॅटेक्सची ॲलर्जी आहे, अशांनी ब्रोमेलेन आणि पपेन दोन्हींपासून लांब राहावं. पपेन पपईच्या चिकातून येतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जखमेवर लावायची मान्यता नसलेली पपेनची मलमं बंद करायला लावली, त्यामागे तीव्र ॲलर्जीच्या घटना होत्या. वनस्पतीतून आलं म्हणून सौम्य, हा समज तिथेच खोटा पडतो.

अननस खाताना जीभ चरचरते ती मात्र ॲलर्जी असेलच असं नाही. त्यात ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ब्रोमेलेन जिभेचा पृष्ठभागही थोडा झिजवतं. चरचर थोड्या वेळात जाते. सूज, गांधी आणि श्वासाला त्रास ही ॲलर्जी.

प्रतिजैविकं चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ब्रोमेलेनमुळे अमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिनचं शरीरातलं प्रमाण वाढू शकतं. दात काढल्यावर दोन्ही एकत्र लिहून दिली जातात तेव्हा ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. आपण घरी बाटलीतून वर आणखी ब्रोमेलेन घेणं ही वेगळी गोष्ट.

---

सांधेजोड

निळीशाई, डॉक्टरांनी होकार दिला तर गुण येतोय का हे असं तपासा.

सुरू करण्याआधी एक आठवडा काहीच न बदलता रोज त्याच वेळी, तोच जिना उतरून, दुखणं ० ते १० मध्ये लिहा. सकाळी उठल्यावर गुडघा किती मिनिटं आखडलेला राहतो तेही लिहा. मग एन्झाइम सुरू करून सहा आठवडे तीच नोंद. आठवड्याची सरासरी काढा, एका दिवसावरून काही ठरवू नका, गुडघ्याचे चांगले-वाईट दिवस असतातच. सरासरी किमान २ अंकांनी उतरली नाही तर गुण आला म्हणता येणार नाही, बंद करा. या सहा आठवड्यांत नवं तेल, नवा पट्टा, नवी गोळी सुरू करायची नाही, नाहीतर श्रेय कशाचं ते कळणार नाही. व्यायाम आधीपासून चालू असेल तर तो तसाच चालू ठेवा. ताजी सूज असेल तर इतकं थांबायचं नाही, तिथे ७ ते १० दिवसांत काय ते दिसतं.

डॉक्टरांनी नकार दिला तर हिरमुसू नका. डायक्लोफेनॅकचं १ टक्का जेल गुडघ्यावर लावण्याबद्दल त्यांनाच विचारा. एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा ही त्याची नेहमीची मात्रा. बरोबर मोजपट्टी मिळते ती वापरा, कारण बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि 'जेलने काही होत नाही' म्हणतात. तोंडाने घ्यायच्या गोळीच्या मानाने ते रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे पोटाला त्रास कमी. तरी ॲस्पिरिन चालू असल्याचं सांगायचंच. आणि मांडीचा पुढचा स्नायू बळकट करण्याचे व्यायाम. जिना उतरताना जो झटका बसतो तो हाच स्नायू झेलतो.

गुडघा अचानक लाल, गरम झाला, ताप आला, किंवा रात्रीत टम्म फुगला, तर एन्झाइमचा विषयच नाही. सांध्यात जंतुसंसर्ग किंवा गाऊट असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना.

---

निळीशाई

डॉक्टरांचं उत्तर आलं: ॲस्पिरिन चालू असेपर्यंत एन्झाइम नको, जेल चालेल. नोंदवही त्यासाठीच वापरतो. एक शेवटचं, घरातल्या दुसऱ्या एका व्यक्तीला (ॲस्पिरिन नाही, ॲलर्जी नाही) दाढ काढल्यानंतर दंतवैद्यांनी ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन ५ दिवस दिलंय. पुढच्याच महिन्यात हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. काही अडचण?

---

खलबत्ता

पाच दिवस संपल्यावर मध्ये पुरेसे दिवस जातील, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अशी एन्झाइमं बंद असावीत, एवढं पाळा. उरलेल्या गोळ्या 'सुजेला चांगल्या असतात' म्हणून शस्त्रक्रियेच्या तोंडावर परत सुरू करू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मागच्या महिन्याभरातली सगळी औषधं सांगा, बिनचिठ्ठीची पूरकंही. गोळ्या चालू असताना शौचाला डांबरासारखं काळं झालं, हिरड्यांतून रक्त थांबेना किंवा कारण नसताना अंगावर काळे-निळे डाग दिसले, तर गोळी तिथेच थांबवून दंतवैद्यांना फोन करायचा.